उलटं भजन

हिंगोलीत अजूनही एक बोलणं ऐकू येतं. बैल गाडीला जुंपला आणि जागचा हलेना, किंवा पंगतीत वाढपी भाताचं पातेलं घेऊन नुसताच उभा राहिला, की कोणीतरी म्हणतं, "काहून रे, मास्तर झाला का?" मागं माझ्या नातवाचा मोबाइल अडकला. पडद्यावर ते गोल चाक फिरत राहिलं. तो म्हणाला, "आजोबा, याचा मास्तर झाला." हा मास्तर कोण हे त्याला माहीत नाही, त्याच्या बापालाही नाही. एक मास्तर भरल्या कार्यक्रमात पेटीपुढं बसून झोपी गेले, एवढीच गोष्ट गावात उरली आहे.

ती गोष्ट खोटी आहे. मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसलो होतो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मास्तर आमच्या शाळेत गणित शिकवायचे आणि मी भूगोल. मी नवीन लागलेलो, बिनलग्नाचा, त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायचो आणि त्यांच्याच घरी जेवायचो. शाळा उर्दू, त्यामुळे गणितही उर्दूत. पण मुलाचं उत्तर चुकलं की मास्तर मराठीवर यायचे, त्यामुळे वर्गाला निकाल आधीच कळायचा. उंच, किंचित पुढं वाकलेले, शेरवानीची गुंडी कायम एक घर चुकवून लावलेली. बोटं मात्र कधीच स्वस्थ नसायची. मुलं गणितं सोडवत असली की मास्तरांची दहाही बोटं टेबलावर पळत असायची. नवीन मुलांना वाटायचं, मास्तर मनात मोठा हिशेब करून राहिले. जुनी मुलं सांगायची, "हिशेब न्हाई बे. पियानो हाय तो."

त्यांनी आयुष्यात पियानो पाहिला नव्हता. वाशीमला कापसाच्या जिनिंगचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्याकडून मास्तरांनी एक फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, आणि तबकड्यांचा एकच संच घेतला. पोलंड देशाच्या एका संगीतकाराची ती रचना होती, पियानो आणि त्याच्या मागं मोठा वाद्यवृंद. त्या परदेशी माणसाचं नाव मास्तरांच्या जिभेला वळेना, म्हणून त्यांनी त्याला पोलंडकर करून टाकलं. घरात तो नात्यातल्या माणसासारखाच झाला. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "तुमच्या पोलंडकरांना म्हणावं जरा दम खा, भाकरी गार होऊन राहिली!" शेजारच्या एका म्हाताऱ्यानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "हे पोलंडकर मास्तरच्या सासरकडचे का हो? कवा आलेले दिसले न्हाईत."

पोलंड कुठं आहे हे लोक मलाच विचारायचे, कारण मी भूगोलाचा. मी शाळेतला नकाशा पाहिला. तो फार जुना होता. त्यात पोलंड नव्हतंच. मी हे जेवताना सांगितलं, तर मास्तर घास हातात धरून माझ्याकडं पाहत राहिले. म्हणाले, "नकाशा छापला तवा तो मुलूख दुसऱ्यांनी वाटून घेतला व्हता. नकाशात न्हाई म्हणून गाव नसते का?" दुसऱ्या दिवशी नकाशावर शाईचा एक टपोरा ठिपका उमटला होता. ठिपका थोडा समुद्रात गेला होता. पण मी त्यानंतर मुलांना तोच दाखवत आलो.

आता त्या तबकडीची खोड सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. पहिल्या तबकडीच्या पहिल्या बाजूवर पियानो वाजतच नाही. नुसता वाद्यवृंद वाजतो. एक सूर मोठ्यानं येतो, मग एक हळवा येतो, पुन्हा मोठा येतो, आणि पियानोवाला बापडा हात मांडीवर घेऊन बसलेला असतो. बाजू उलटल्यावर कुठं तो येतो. नवा ऐकणारा दर वेळी मध्येच विचारायचा, "पियानो कुठं हाय?" मास्तर हात वर करून म्हणायचे, "थांबा. अजून न्हाई."

हे दोन शब्द त्यांच्या अंगात भिनले होते. ताट वाढलं की ते हात लावायचे नाहीत. चटणी येऊ द्या, वरण येऊ द्या, कांदा येऊ द्या. "आधी वाद्यवृंद, मंग भाकर." कोणाच्या दारात गेले तर कडी वाजवून ओसरीवर स्वस्थ बसायचे, आतल्या माणसानं "या" म्हटलं तरी जरा वेळ जाऊ द्यायचे. मुलानं उत्तर झटकन दिलं तर बरोबर असूनही त्याला खाली बसवायचे. "बराबर हाय. पण लवकर आला."

तबकड्या वाशीमहून आणताना कनेरगाव नाक्यावर जे झालं ते मला त्यांनी स्वतः सांगितलं, आणि सोबत असलेल्या वहिनींनी दुरुस्त करून पुन्हा सांगितलं. तेव्हा तिथं इंग्रजी मुलूख संपून निजामाचा सुरू व्हायचा. नाकेदारानं पेटारा उघडायला लावला.

"इसमें क्या है, मास्टरसाब?"

"पियानो हाय."

"इत्ते से डब्बे में पियानो?"

"तबकडीत हाय."

"तो बजाके बताओ."

मास्तरांनी तिथंच चहाच्या टपरीवर फोनो मांडला, चावी दिली. वाद्यवृंद सुरू झाला. नाकेदार कान देऊन ऐकत होता. जरा वेळानं म्हणाला, "इसमें पियानो किधर है?"

"थांबा. अजून न्हाई."

मागं गाड्यांची रांग लागली. कापसाच्या गाडीवरचा एक जण ओरडला, "अहो, सोडा की त्यांना!" नाकेदार त्याच्यावरच खेकसला, "चुप! अबी पियानो आनेवाला है." बाजू संपली, पियानो आलाच नाही. नाकेदाराची मुद्रा बदलली. झूठ बोलून माल नेण्याचा हा काही नवाच प्रकार असावा, असं त्याला वाटलं. मास्तरांनी शांतपणे तबकडी उलटली, पिन बदलली. आणि पियानो आला. वरून खाली, कोणी जिन्यावरून पायल घालून धावत यावं तसा. नाकेदार मटकन स्टुलावर बसला. मग त्यानं सगळ्या तबकड्या ऐकल्याशिवाय मास्तरांना सोडलं नाही, आणि गाड्याही सोडल्या नाहीत. "बैल बसले हो सगळे," वहिनी म्हणायच्या, "एक तर घोरून राहिला व्हता. अन् नाकेदार रडून राहिला. मी त्या दोघायकडं बघू का चहाकडं?"

नुसतं ऐकून मास्तरांचं भागेना. ही रचना एकदा, एकदाच, हिंगोलीत लोकांपुढं बसून वाजवायची हे त्यांनी मनावर घेतलं. पियानो नाही तर पेटी. पण पियानो दोन हातांनी वाजतो, आणि पेटीचा एक हात भात्याला अडकलेला. त्यावर त्यांनी तोड काढली. पेटीच्या पलीकडून, वाजवणाऱ्याकडं तोंड करून, दुसऱ्या माणसानं बसायचं आणि भाता मारायचा. तो दुसरा माणूस मी. दुसरी अडचण अशी, की पियानो लांबलचक आणि पेटी एवढीशी. मास्तरांनी पेटीच्या दोन्ही अंगांना एकेक पाट मांडला. बोटं पेटीवरून धावत सुटली आणि पट्ट्या संपल्या की ती तशीच पाटावर धावायची, आवाज न करता. मी म्हटलं, "मास्तर, पाटावरचं लोकांना कसं ऐकू येणार?" म्हणाले, "तेवढं त्यांनी मनात धरावं. सगळंच काय आपुन द्यायचं का?"

राहिला वाद्यवृंद. नरसीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात सखारामबुवांचं भजनी मंडळ होतं. टाळ, पखवाज, वीणा आणि उन्हातान्हात कमावलेले गळे. मास्तरांनी फोनो बैलगाडीत घालून तिथं नेला आणि सगळ्यांना पहिली बाजू ऐकवली. सखारामबुवांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "कळलं. पेटी म्हंजी बुवा, अन् आमी टाळकरी. पण मास्तर, आमच्यात बुवा आधी म्हणतो, मंग टाळकरी म्हणतेत. तुमच्यात टाळकरीच आधी काहून?"

"त्याचं तसंच हाय."

"म्हंजी उलटं भजन."

"व्हय. उलटं भजन."

मग मास्तरांनी पोलंडकराची गोष्ट सांगितली. पोरगं विशीचं. गाव सोडून निघायची वेळ आली, तर निघायच्या आधी गावाला हे वाजवून दाखवलं. मग गेलं ते गेलंच, पुन्हा गावी आलं नाही. सखारामबुवांनी उपरण्यानं डोळे पुसले. "मायबाप व्हते का त्याला?"

"व्हते."

"मंग तर म्हणावंच लागते," बुवा म्हणाले, आणि तालीम सुरू झाली.

सुरावट त्यांना चार रोजांत आली. अवघड गेलं ते वेगळंच. बुवानं ओळ म्हटली की टाळकऱ्यांनी ती झेलून परत म्हणायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. मास्तरांनी पेटीवर ओळ वाजवली की मागून वीस गळ्यांतून ती जशीच्या तशी परत यायची. मास्तर हात जोडायचे. "मी वाजवलं की तुमी म्हणायचं न्हाई हो!" टाळकरी कबूल करायचे आणि पुढच्या ओळीला पुन्हा म्हणायचे. एकानं उपरण्याचा बोळा तोंडात धरून पाहिला, दुसऱ्यानं पानाचा तोबरा भरला. सखारामबुवा म्हणाले, "मास्तर, पेटीचा सूर कानी पडला अन् गप बसलं, तर आमच्या पोटात दुखते." तरी महिनाभरात ते शिकले. पेटी वाजताना ओठ घट्ट मिटून, डोळे मोठे करून बसायला लागले. पाहणाऱ्याला वाटावं, यांना कोणीतरी चिमटे काढून राहिलं.

दसऱ्याच्या दिवसांत मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात कार्यक्रम ठरला. गर्दी भरपूर. पुढं खुर्चीवर तहसीलदारसाहेब. आणि त्यांच्या मागच्या सतरंजीवर कळमनुरीचे एक गृहस्थ, पागोटं घालून, गुडघ्यावर हात ठेवून. ते कार्यक्रमाला आलेले नव्हते. ते मला पाहायला आले होते. त्यांची मुलगी लग्नाची होती आणि मुलगा काय करतो हे डोळ्यांनी बघावं असा त्यांचा विचार होता.

मुलगा लोकांकडं पाठ करून, एका बंद भात्यावर हात ठेवून बसला होता.

उलटं भजन सुरू झालं. छान सुरू झालं. पण फोनोवर जे एका बाजूत संपायचं, ते सखारामबुवांच्या लयीत दुपटीनं लांबलं. बुवांना घाई म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मास्तर समोर डोळे मिटून बसले होते, हात मांडीवर. मी इतका जवळ होतो, की त्यांच्या पापण्या सुरांबरोबर हलताना दिसत होत्या. ओठांत ते हळूच मोजत होते. ते पुरते जागे होते. इतकं जागं माणूस मी नंतर पाहिलं नाही.

पण लोकांना हे दिसत नव्हतं. माझ्या पाठीमागं खसखस सुरू झाली.

"मास्तर झोपले का काय?"

"अहो मास्तर, पेटी गहाण हाय का?"

तहसीलदार म्हणाले, "ये साहब बजाएँगे कब? दसरे को या दिवाली को?" हशा पिकला. आणि त्या हशातून कळमनुरीचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. ते शेजारच्याला विचारत होते, "हे भात्यावर बसलेलं पोरगं, हे असंच बसून राहते का नेहमी?"

माझे कान तापले. अजून एक हळवा सूर बाकी होता आणि त्यानंतर एक मोठा, हे मला पाठ होतं. मास्तर वाट पाहून राहिले हे मला दिसत होतं. तरी माझ्या हातानं भाता मारला. आणि दुसरा हात पलीकडून लांबवून मी एक पट्टी दाबली.

पीऽऽऽ.

मास्तरांनी डोळे उघडले. आधी माझ्या बोटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द मला कळले. "अजून न्हाई."

उशीर झाला होता. पेटीचा सूर कानी पडला होता. महिनाभर मिटून धरलेली वीस तोंडं एकदम उघडली आणि टाळकऱ्यांनी तो सूर झेलला. परत म्हटला. पुन्हा म्हटला. पखवाजवाल्याला वाटलं, बुवानं गजर धरला. त्यानं थाप मारली. टाळ उठले. आणि पोलंडकर कुठं संपला आणि विठ्ठलनामाचा गजर कुठं सुरू झाला ते कोणालाच कळलं नाही. पटांगण उभं राहून नाचायला लागलं. एकदा सुरू झालेला गजर थांबवायची हिंमत कोण करणार? तहसीलदारसाहेबही मान डोलवत होते. मास्तरांनी क्षणभर पेटीकडं पाहिलं, आणि मग तेही गजराला साथ करायला लागले. मी भाता मारत राहिलो, घाम फुटेपर्यंत.

कळमनुरीचे गृहस्थ कार्यक्रमानंतर येऊन माझ्या दंडाला हात लावून पाहत म्हणाले, "पोरगं भाता मात्र झकास मारते." लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की मास्तर झोपले आणि भजनानं लाज राखली. हेडमास्तरांनी त्यांना खोलीत बोलावलं. मी तिथंच हजेरीपटावर सही करत होतो.

"सुना है, आप सो गए थे?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "व्हय," ते म्हणाले, "डोळा लागला."

मी सही करून बाहेर आलो. सही वाकडी आली होती.

माझ्या लग्नात ते आले, वहिनींना घेऊन. अक्षता टाकायला सगळ्यांच्या नंतर हात उचलला.

पुढच्या दसऱ्याला त्यांनी पुन्हा अर्ज केला. सखारामबुवा तयार होते. मलाच सोबत घेऊन ते तहसीलदारांकडं गेले. तहसीलदार हसून म्हणाले, "मास्टरसाब, सोने का प्रोग्राम दोबारा नहीं होता."  मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, या वेळी बघितलं, आणि थांबले. मी एक वाक्य बोललो असतो तर परवानगी मिळाली असती. शेजारच्या खुर्चीवर माझे सासरे बसले होते, कसल्याशा कामासाठी आलेले. ते भजनाची गोष्ट साऱ्या कळमनुरीला सांगत फिरायचे. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मग दिवस बिघडले. जमाव जमवायची बंदी आली, शाळा बंद पडली, ज्याला जमलं तो सरहद्द ओलांडून गेला. मास्तरही गेले, एका पहाटे, त्याच नाक्यावरून, तोच फोनो घेऊन. पेटी न्यायला गाडीत जागा नव्हती. निघताना मला म्हणाले, "दोन पाट राहू द्या तुमच्याकडं. पोळपाट म्हणून कामाला येतील." गावाला वाजवून दाखवायचं राहिलं, आणि ते गेले. पुन्हा हिंगोलीत आले नाहीत.

निजामाचं राज्य गेल्यावर मी वाशीमला जाऊन त्यांना भेटलो. एका खोलीत राहत होते, शिकवण्या घेत. शेरवानी गेली होती, पण सदऱ्याची गुंडीही एक घर चुकलेलीच. मला पाहून त्यांना आनंद झाला. त्यांनी लगेच फोनोला चावी दिली. पहिली बाजू सुरू झाली.

"मास्तर," मी म्हटलं, "त्या दिवशी मी..."

त्यांनी हात वर केला. "थांबा. अजून न्हाई."

आम्ही ऐकत बसलो. बाजू संपली. त्यांनी तबकडी उलटली आणि पियानो आला. जिन्यावरून, पायल घालून. मास्तरांची बोटं हवेत धावत होती.  परतीची मोटार धरायची होती, म्हणून मी उठलो तेव्हा मधला संथ भाग चालू होता आणि मास्तर डोळे मिटून बसले होते.

वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, पेटी आपोआप वाजत न्हाई, एवढं मलाबी कळते. त्यांना सांगून काय करता? ते समोरच बसले व्हते. सांगायचं असंल तर हिंगोलीला सांगा."

मोटारीत बसताना मी ठरवलं, की उद्याच सांगायचं. मग सासरे होते. मग सासरे गेले, तर पोरांची लग्नं होती. मग मास्तर गेल्याचं कळलं, आणि त्यानंतर वाटलं, आता कोणाला आठवतंय. पण आठवत होतं ना. दर बसलेल्या बैलाला हिंगोली त्यांचं नाव देत होती.

बायकोला मी सांगितलं, ती फार आजारी असताना. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी आपलं लगीन चुकीच्या पट्टीवर झालं." मग तिला इतकं हसू आलं, की नर्स धावत आली. हसू ओसरल्यावर म्हणाली, "पण त्या माणसाला झोपाळू काहून म्हणून राहिले अजून? सांगा की."

ते पाट अजून घरात आहेत. एकावर सून पोळ्या लाटते. दुसऱ्यावर मी हे लिहीत बसलो आहे. लोकांचं काय ते म्हणून झालं, मोठ्यानं म्हणून झालं, हळूही म्हणून झालं. या वेळी मी घाई केली असं तरी कोणी म्हणणार नाही.

मास्तर झोपले नव्हते. पट्टी मी दाबली.